हद्दीचा दगड आणि वरचा गट

कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके मिळून एक वेगळा देश आहे, अशी आमच्या फुटबॉल लीगच्या कमिटीची समजूत होती. देशाला सरकार, तशी लीगला कमिटी. सरकारात वरचे आणि खालचे असतात, तसे लीगमध्ये वरचा गट आणि खालचा गट. वरच्या गटात सहा संघ होते: स्टेशनाजवळचे दोन, खोपोलीकडचे दोन, नेरळचा एक आणि खालापूरच्या कारकून मंडळींचा एक. या सहा संघांना कप, हार आणि सामन्याच्या मध्ये लिंबाचं सरबत. खालच्या गटात आम्ही गावोगावचे. आम्हाला सरबत नाही, आणि रेफ्री आला तर आला.

लीग दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि शिमग्याच्या आत संपायची. खालच्या गटात जो पहिला येईल तो पुढच्या हंगामाला वर चढेल आणि वरचा शेवटला खाली उतरेल, असा नियम होता. नियम चांगला होता. त्याच्या बाजूनं मी आजही भांडेन. पण त्याच्या पोटात आणखी एक नियम होता, आणि तो आम्ही पहिले आल्यावरच आम्हाला कळला. वरच्या गटातल्या प्रत्येक संघाचं स्वतःचं मैदान पाहिजे. सपाट, मोकळं, मध्ये कसलाही अडथळा नसलेलं. कमिटीचा सेक्रेटरी स्वतः येऊन बघणार आणि त्याला पसंत पडलं तरच वर.

हा नियम कुणी केला? ज्यांच्याकडे मैदान होतं त्यांनी. देशाला स्वातंत्र्य मिळून चार महिनेही झाले नव्हते. शाळेत नवा झेंडा लागला होता, आणि लीगच्या कमिटीत मात्र तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसून गावच्या पोरांना विचारत होती, तुमचं मैदान कुठं आहे?

आमचं गाव कर्जतच्या कोंडाणे लेण्यांच्या अलीकडे, नदीकाठी. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. संघात खेळत नव्हतो, कारण मला खेळता येत नाही. चळवळीच्या दिवसांत पत्रकं लिहायला शिकलो होतो, म्हणून संघाचा पत्रव्यवहार आणि भांडणं माझ्याकडे होती. अन्याय नीट शब्दांत मांडला की निम्मा मिटतो, असं मला वाटायचं.

आमचा कप्तान फुलबॅकला खेळायचा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, नांगर धरणारा माणूस. त्याच्या मेव्हण्यानं त्याला मुंबईला गोदीत काम ठरवलं होतं. शिमगा झाला की तो जाणार होता. म्हणजे वरच्या गटात खेळायचं तर त्याला हाच एक हंगाम होता. हे त्यानं एकदाच बोलून दाखवलं, तेही विडी पेटवता पेटवता.

"गोदीत काय फुटबॉल खेळायला देनार हायेत व्हय? ह्या साली झालं तर झालं."

तेव्हापासून माझ्यापुरता प्रश्न साधा होता. कप्तान जाण्याआधी संघ वर गेला पाहिजे.

आता मैदान. गावाचं गुरचरण उतारावर. तिथं चेंडू सुटला की थेट ओढ्यात. तोवर आम्ही सगळे सामने दुसऱ्यांच्या गावात जाऊन खेळलो होतो. सपाट जागा गावात एकच होती, नदीकाठची भातखाचरं, आणि ती दोन सख्ख्या भावांची. निम्मी थोरल्याची, निम्मी धाकट्याची. मध्ये हद्दीचा बांध, आणि बांधाच्या बरोबर मध्यावर मोजणीच्या वेळी रोवलेला हद्दीचा दगड, कमरेइतका उंच.

हे दोघे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. घरं एकाच भिंतीला टेकलेली, पण बोलणं नाही. धाकट्याचं म्हणणं, थोरला दर पावसाळ्यात बांध वीतभर कोरतो. थोरल्याचं म्हणणं, धाकटा कोरतो. दोघांचंही खरं धरलं तर तो बांध एव्हाना सुतासारखा व्हायला हवा होता. तो होता तसाच जाडजूड होता. थोरल्याचा मुलगा आमचा सेंटर फॉरवर्ड आणि धाकट्याचा मुलगा आमचा गोलकीपर. पोरं मैदानात एकमेकांच्या गळ्यात पडत आणि घराच्या वळणावर आली की वेगवेगळी चालायला लागत.

मी आणि कप्तान आधी थोरल्यांकडे गेलो. मी खेड्यातल्या तरुणांच्या हक्काबद्दल बरंच बोललो. थोरले काका भारे बांधायला पेंढ्याचा वेठ, म्हणजे दोर, वळत बसले होते. माझं बोलणं संपल्यावर कप्तानाकडे बघून म्हणाले, "ह्यो काय मागतोय रं?"

"तुमची खाचरं, काका. भात निघाल्यावर. बांध फोडून सपाट करू, शिमग्यानंतर परत घालून देऊ."

"आनि वाल? वाल कुटं पेरू? तुज्या डोक्यावर?"

हा प्रश्न खरा होता. आमच्याकडे भात कापलं की त्याच ओलीवर वाल टाकतात. ओल गेली की गेली, मग बी नुसतं मातीत पडून राहतं. मैदान करायचं म्हणजे त्या वर्षीचा वाल सोडायचा.

आतून काकू म्हणाल्या, "वाल नाय पेरला तर पोपटीला शेंगा कुटनं आनायच्या? का मडक्यात फुटबॉल भाजायचा?"

कप्तान हसला. मग म्हणाला, "काकू, तुमचा पोरगा खोपोलीवाल्यांना गोल मारताना बगायचाय का नाय? त्यो इकडून पळत येतोय, आनि मदी बांध आडवा. पडंल ना त्यो तोंडावर."

माझ्या अख्ख्या भाषणानं जे झालं नाही ते तेवढ्यावर झालं. थोरले काका कबूल झाले. अट एकच. "बांध फोडा. पन दगडाला हात लावायचा नाय. दगड हलला तर माजी जमीन हलली."

आम्ही भिंतीला वळसा घालून धाकट्यांकडे गेलो. धाकटे काका आतून सगळं ऐकतच होते. त्यांनी आम्हाला बसूही दिलं नाही. "त्यानं हो म्हटलं ना? मग माजंबी हो. पन दगडाला हात नाय लावायचा. सांगून ठेवतो."

दोघा भावांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं गावानं बऱ्याच वर्षांनी पाहिलं, आणि नेमकं तेच एकमत आमच्या मुळावर आलं.

भात निघालं. पोरांनी बांध फोडले, धसकटं खणून काढली, नदीवरून पाणी आणून जमीन चोपली. खळं चोपतात तशी. गोलाचे खांब नेरळच्या वखारवाल्या चाचांनी दिले आणि वर एक वासा फुकट दिला, "आमच्या नेरळला हरवू नका म्हणजे झालं" असं म्हणून. मैदान असं झालं की मी उगाचच संध्याकाळी तिथं जाऊन उभा राहायचो. फक्त मध्यावर तो दगड.

सेक्रेटरी कर्जतहून छकड्यातून आला. काळी टोपी, पायात बूट, हातात छत्री, आणि पावसाळा तर केव्हाच संपलेला. मैदानाला चारी बाजूंनी फेरी मारून तो म्हणाला, "छान केलंत. आणि हे काय?"

"दगड," मी म्हणालो.

"ते दिसतंय मला."

"सायेब, आमी त्याला वळसा घालून खेळतो," कप्तान म्हणाला. "सवय झालीय."

"वळसा घालायला हे काय देऊळ आहे? समोरच्या संघाचा गडी आपटला तर जबाबदार कोण?"

मग मी पुढे झालो. त्याला विचारलं की स्टेशनाजवळच्या तुमच्या मैदानात विजेच्या खांबाला ओढून धरणारी तार थेट कोपऱ्यात आलेली आहे. गेल्या वर्षी आमचा शेवटचा सामना तिथं झाला, तेव्हा आमच्या गोलकीपरचा त्या तारेनं खांदा फाटला. ती अडथळा नाही का?

तो शांतपणे म्हणाला, "ती तार नियमाच्या आधीची आहे."

मी त्याला म्हटलं, आमचा दगडही नियमाच्या आधीचा आहे, तुमच्या आजोबाच्याही आधीचा आहे. कप्तानानं माझा सदरा मागून ओढला. सेक्रेटरीनं छत्री काखेत मारली आणि सांगितलं, दगड निघाला की कळवा, मी पुन्हा येईन. लीग पंधरवड्यावर आली होती.

त्या संध्याकाळी सगळा संघ दगडाभोवती बसला. उपटायचा कुणी? थोरल्याच्या पोरानं हात लावला तर धाकटे म्हणणार, थोरल्यानं हद्द मोडली. धाकट्याच्या पोरानं लावला तर उलट. आणि आमच्यापैकी दुसऱ्या कुणी लावला तर दोघेही म्हणणार, समोरच्यानंच त्याला पढवलं. मी म्हणालो, दोघांकडून लेखी संमती घेऊ.

"लेखी कशाला," कप्तान म्हणाला. "हलवायचा नाय एवडंच म्हनतायत ना दोगं? नको हलवू. बसवू या त्याला खाली."

म्हणजे दगड जागेवरून इकडे तिकडे न करता त्याच्या पायाखालची माती काढत जायची, तो सरळ खाली बसवायचा आणि वरून माती लोटायची. शिमग्यानंतर पुन्हा वर काढायचा. दोघा भावांनी एकेक दिवस विचार केला आणि कबूल झाले, पण दगड खाली जाताना आपण समोर उभे राहणार, असं दोघांनीही सांगितलं. ते उभे राहिले. एकजण या बाजूला, एकजण त्या बाजूला. नदीकडच्या आंब्यापासून दगडापर्यंत दोर ताणून धरला, दोराला गाठ मारली, आणि ती गाठ दोघांनी पाहून घेतली. दगड हळूहळू खाली गेला. धाकटे काका शेवटपर्यंत पुटपुटत होते, "सरळ, सरळ, तिकडं कलतोय." थोरले काका म्हणत होते, "इकडं कलतोय." दगड सरळच गेला. वर माती पडली, पोरांनी चोपली. मी सेक्रेटरीला त्याच दिवशी कळवलं.

कमिटीनं तारीख दिली आणि पुढे ढकलली. दुसरी दिली, तीही ढकलली. का, तर सेक्रेटरीच्या भाचीचं लग्न, आणि नंतर कसली तरी बैठक. इकडे लीग सुरू झाली. वरच्या गटातले सामने आमच्यावाचून चालू झाले आणि आमचे सामने पुढे घेऊ असं तोंडी सांगण्यात आलं. शेतातली ओल रोज थोडी थोडी जात होती. थोरल्या काकूंनी मला विहिरीवर गाठून विचारलं, "तुमचा सायेब येतोय का आमी वाल टाकू?" मी सांगितलं, येतोय. आठवड्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, येतोय. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं, कारण तोवर ओल गेली होती.

आणि याच दिवसांत मैदानाच्या मध्यावर खड्डा पडायला लागला.

आधी आम्हाला कळेना. मग कप्तानानं एका सकाळी थोरल्या काकांना तिथं पहार घेऊन उकरताना पाहिलं.

"काय करतायसा काका?"

"बगतोय. हाय का त्यो तितं."

"दगड काय उटून जानार हाय?"

"दगड नाय जानार. पन कुनी नेला तर?"

त्यांनी दगडाचं डोकं पाहिलं, माती लोटली आणि गेले. थोड्या वेळानं धाकटे काका नदीवर जाताना त्या बाजूनं आले. माती ताजी उकरलेली पाहिली. उकरली म्हणजे थोरल्यानं दगड सरकवला असणार. मग त्यांनी उकरलं. दगड जागेवर होता, पण कोण जाणे, म्हणून आंब्यापासून दोर ताणून पाहिला. मग माती लोटली आणि गेले. दुसऱ्या दिवशी थोरल्या काकांना पुन्हा ताजी माती दिसली. थोरल्यानं उकरलेलं पाहून धाकटा उकरायचा, धाकट्यानं उकरलेलं पाहून थोरला. आम्ही रोज तो खड्डा बुजवायचो, आणि आम्ही बुजवलेल्या जागेकडे बघून दोघेही म्हणायचे, ही पोरं त्याला सामील आहेत.

मी दोघांनाही समजावलं. वेगवेगळं समजावलं. दोघेही शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, मला समजतंय रं, पण त्याला समजत नाही ना.

अखेर सेक्रेटरी आला. त्या सकाळी आम्ही खड्डा असा बुजवला होता की बोट लावून दाखवता आलं नसतं. नुसता चोपला नाही, वरून शेणानं सारवला आणि त्यावर कोरडी माती भुरभुरली. अख्खा गाव जमला. दोघे भाऊ आले, ते आपापल्या बाजूला उभे राहिले. मी दोघांच्याही जवळ जाऊन हात जोडले. आजचा एक दिवस. दोघांनी मान डोलावली.

सेक्रेटरीनं फेरी मारली, गोलाचे खांब हलवून पाहिले. मध्यावर आला, बुटानं जमीन दाबली. "वा," तो म्हणाला. "दगड काढलात तर. जागाही कळत नाही."

हे शेवटचे शब्द थोरल्या काकांनी ऐकले.

"कळत नाय म्हंजे?" ते पुढे आले. "कालपरेंत कळत व्हती."

"काका," कप्तान म्हणाला, "मागं या."

"न्हाय न्हाय. सायेब खोटं कशाला बोलंल? जागाच कळत नाय म्हंतोय. एकदा बगू द्या मला." आणि त्यांनी जवळच्या पोराच्या हातातली कुदळ घेतली.

धाकटे काका त्यांच्या बाजूनं धावत आले. "त्यो बगनार तर मी बी बगनार." पहार त्यांनी कुठं लपवून आणली होती मला आजही माहीत नाही. सेक्रेटरीच्या डोळ्यांसमोर, त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर, दोघे सख्खे भाऊ आमच्या मैदानाचा मध्य उकरायला लागले. एकाच्या मुलानं बापाचा हात धरला, दुसऱ्याच्या मुलानं दुसऱ्याचा. दोघांनीही झटकून टाकले. माती दोन्हीकडे उडत होती. दगडाचं डोकं दिसलं तेव्हा दोघे थांबले. दोर आणला, ताणला. गाठ बरोबर दगडावर आली.

"हाय," थोरले काका म्हणाले.

"हाय," धाकटे म्हणाले.

इतक्या वर्षांनी ते एकमेकांशी बोलले ते हे. नंतर पुन्हा बोलले असं माझ्या कानावर नाही.

सेक्रेटरी खड्ड्याच्या काठावरून खाली बघत होता. हसला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हसला नाही. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सामना चालू असताना यांना पुन्हा बघावंसं वाटलं तर?"

हा प्रश्न बरोबर होता, आणि तो चुकीच्या माणसानं विचारला होता, याचा मला जास्त राग आला. मी त्याच्याशी पुन्हा तारेबद्दल बोललो. तारीख दोनदा ढकलल्याबद्दल बोललो. वाल गेला त्याबद्दल बोललो. त्याला वाल म्हणजे काय ते माहीत होतं, तो म्हणाला, "वाईट झालं." आणि छकड्यात बसून गेला. आठवड्याभरात निरोप आला की खालच्या गटात दुसरा आलेला संघ, शेलूचा, वर घेण्यात आला आहे.

दोन्ही तालुक्यांतलं सगळ्यात सपाट मैदान आमच्या गावात होतं. त्यावर लीगचा एकही सामना झाला नाही आणि त्याच जमिनीत वालाचं एक रोपही उगवलं नाही. पौषात आजूबाजूच्या गावांतून शेंगा भाजल्याचा वास यायचा, तेव्हा थोरल्या काकू अंगणात येऊन माझ्या घराकडे बघून आत जायच्या.

मी स्वस्थ बसलो नाही. पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. खेड्यांचं मैदान नाकारणाऱ्या लीगवर खेड्यांनी बहिष्कार घालावा, अशी मागणी सगळ्यात वर, खाली कारणं. शेलूचे सामने मागून घेतले जात होते; त्यांच्या पहिल्या घरच्या सामन्याला ते वाटायचं ठरवलं. तेव्हा कप्तान माझ्याकडे आला आणि दारातच उभा राहिला.

"शेलूवाले आलते," तो म्हणाला. "त्यांचा फुलबॅक तापानं पडलाय. मला बोलावलंय रविवारी."

"आणि तू काय सांगितलंस?"

"येतो म्हटलं."

मी त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. शेलू आपल्या जागेवर खेळतंय. आपण बहिष्कार घालतोय. आपला कप्तानच त्यांच्याकडून उतरला तर बहिष्काराला अर्थ काय राहिला? त्यानं सगळं ऐकलं.

"तुमचं बरोबर हाय," तो म्हणाला. "शिमगा बारा दिसांवर आलाय."

"अन्यायाचं काय मग?"

"त्ये तुमी बगा की. तुमाला येतंय त्ये." त्याचा सूर टोमण्याचा नव्हता.

रविवारी मी गेलो. पत्रकांचा गठ्ठा काखेत होता. मैदानाच्या कडेला दोन्ही काका आले होते, एवढ्या लांब चालत, आणि अर्थातच दोन टोकांना बसले होते. दोघेही कप्तानाला ओरडून सांगत होते, "पुडं नको जाऊ, मागं ऱ्हा." कप्तानानं शेलूचा सदरा घातला होता, तो त्याला काखेत घट्ट होत होता. समोर खोपोलीकडचा संघ. त्यांचा डाव्या बाजूचा पोरगा हलका आणि चपळ, कप्तानाला पहिल्यांदा सहज चुकवून गेला. दुसऱ्यांदाही गेला, आणि तेव्हा गोल झाला. मध्ये सरबत आलं. कप्तान पेला दोन्ही हातांत धरून प्यायला. शेलू हरलं.

पत्रकं मी वाटली. घ्यायला नको म्हणालं नाही कुणी. काहींनी बसायला घेतली.

परत येताना आम्ही दोघेच होतो. त्यानं एक पत्रक मागून घेतलं, चालता चालता अक्षरं लावून पाहिली आणि विचारलं, "ह्यात माजं काय लिवलंय का?"

"नाही."

"बरं केलंत," म्हणून त्यानं त्याची घडी करून कमरेला खोचली.

माझा राग कमिटीवर होता, दोघा भावांवर होता, आणि त्या दिवशी तो कप्तानावरही होता, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तो मात्र सगळ्या वाटेनं त्या डाव्या बाजूच्या पोराबद्दल बोलत होता. पोरगा आधी कुठल्या खांद्यानं झुकतो, दोनदा आपण कसे फसलो, आणि तिसऱ्यांदा तो आला तेव्हा पाय कसा मध्ये घालून चेंडू काढून घेतला.